बनियनमधला बिघाड

३ नोव्हेंबर, सोमवार
बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. आजपासून काम सुरू. रडत बसणाऱ्यांतला मी नव्हे. शुक्रवारी साहेब एका डॉक्टरबाईंना घेऊन डेमोला घरी येणार, कारण बाबांच्या आजारपणात सगळं इथेच बसवलंय. श्वास मोजणाऱ्या बनियनच्या छातीवर वीज वाहणारा धागा शिवलाय, त्यात टॅग, म्हणजे छोटी चिप. बॅटरी नाही, वायर नाही. बाबांच्या खोलीतली भिंतीवरची पेटी रेडिओलहरींनी विचारते, टॅग उत्तर देतो आणि बाहेर माझ्या स्क्रीनवर श्वासाची रेघ उमटते.
दुपारी पेटी चालू केली. स्क्रीनवर नाव आलं, 'बाबा'. श्वास चालू.
बिघाड. दुसरं काय असणार!

४ नोव्हेंबर, मंगळवार
पुन्हा दुपारीच. बाबांची झोपायची वेळ. ही म्हणाली, एकदा कपाट उघडून बनियन बघ तरी. तिला समजावलं की इंजिनिअर आधी सॉफ्टवेअर तपासतो. बनियन मी स्वतः घडी करून ठेवलंय. शिवाय कपाट बाबांच्या खोलीत, तिथे दुपारी आई पडते, तिची झोपमोड कशाला? (घाबरलो वगैरे अजिबात नाही.)

५ नोव्हेंबर, बुधवार
सॉफ्टवेअर ठणठणीत. श्वास मात्र मध्येच अडकतो. दोन-तीन झटके, मग लांब उसासा. शेवटी शेवटी बाबांचं असंच व्हायचं. अंगावर काटा आला. पंखा फार जोरात होता.
स्क्रीनजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं, बाबा, काही हवंय का? आवाजाचा सिग्नलवर परिणाम होतो का, एवढंच तपासायचं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बाबांच्या खुर्चीवरचे माझे कपडे तेवढे उचलले.
फिल्टर लिहिला! झटके म्हणजे नॉइज, ते गाळून टाकायचे. आता रेघ कशी गुळगुळीत. बाबा शांत झोपल्यासारखे वाटतात. साहेबांना फोनवर म्हटलं, उद्या कमाल बघाल.
जेवताना आईचे डोळे सुजलेले दिसले. म्हटलं, दुपारी फार झोपतेस तू.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
डेमो. दुसरं बनियन मी घातलं, दुपारी पेटीच्या टप्प्यात यावं म्हणून बाबांच्या खोलीचं दार उघडून उंबऱ्याजवळ उभा राहिलो. स्क्रीनवर माझं नाव, त्याखाली 'बाबा'. डॉक्टरबाईंनी विचारलं, हे कोण? म्हटलं, जुना बिघाड, फिल्टर लावलाय. त्या म्हणाल्या, काढून दाखवा. काढला. बाबांची रेघ उसळायला लागली. बाईंनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, हा बिघाड नाही हो, कुणीतरी रडतंय.
आत गेलो. कपाट उघडलं. बनियन नव्हतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिच्या स्वेटरखालून बनियनची कड दिसत होती. म्हणाली, धुतलं नाहीये रे, वास जाईल. तुला ऐकू जाऊ नये म्हणून हळू रडत होते.
बाहेरून साहेबांनी विचारलं, नॉइज कुठून येतोय ते सापडलं का? सापडलं म्हटलं आणि आईशेजारी बसलो. मग मला आवरेना. स्क्रीनवर दोन्ही रेघा उसळत असणार. फिल्टर काढलेलाच होता.