छपराच्या पुलाची तुळई

२४ फेब्रुवारी, शनिवार
पुलाला धडक दिली. मी! वीस वर्षं पूल समितीचा अध्यक्ष, उंच गाड्या घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना झापणारा ऑरिन टटल!

यंदा मेपलचा रस लवकर सुटला. ट्रकवर रसाची उंच टाकी कालच चढवली होती आणि आज साफ विसरलो. वळसा वाचवायला त्या लाकडी, छपराच्या बोगद्यासारख्या पुलात शिरलो — कडाड्! दारावरची तुळई मधोमध फुटली. दीडशे वर्षांची! आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ट्रक मागे घेतला आणि सरळ घरी आलो. बायकोला, थेल्मालाही काही बोललो नाही.

२५ फेब्रुवारी
सगळं गाव पुलापाशी. शेजारचा लायमन म्हणाला, "हे त्या पाववाल्याचंच काम! त्याचीच गाडी उंच." पाववाला म्हणजे रुफिनो. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून आला. व्हरमाँटात परकं ठरायला तेवढं पुरतं.

"ऑरिन, तू बघ. तुला कळतं यातलं," लायमन मला म्हणाला.

फुटलेल्या लाकडावरून हात फिरवला, अगदी जाणकारासारखा. म्हणालो, "बंद डब्याची गाडी असणार." माझी जीभ कशी झडली नाही!

२७ फेब्रुवारी
रुफिनोच्या दुकानात आज कोणी नाही. मीही गेलो नाही.

२८ फेब्रुवारी
बर्लिंग्टनहून अकरा जण पूल बघायला आले. दाखवायचं काम माझंच. हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून पूर्वी पुलाच्या आत मुद्दाम बर्फ टाकायला माणूस नेमत — हे सांगितलं की पाहुणे हसतात. आजही हसले. मग एका बाईंनी वर बोट केलं. "हे कुणी केलं हो?"

"बाहेरच्यांनी."

मागून रुफिनो चालत येत होता. हल्ली गाडी पुलातून नेतच नाही. त्याने ऐकलं. थांबला, म्हणाला, "ऑरिन, तुमचा मनुकांचा पाव बाजूला ठेवलाय हं. चार दिवस झाले, आला नाहीत."

शरमेने मेलो. पाहुण्यांना म्हणालो, पाय जपून ठेवा.

२ मार्च
थेल्माला सांगितलं. ती गाजरं सोलत होती. सुरी थांबली नाही.

"मंगळवारी गावसभा आहे. उभा राहा आणि सांग."

"सांगतो."

"तो दुकान बंद करून निघायच्या बेतात आहे, ऑरिन. सामान बांधतोय."

"सांगतो म्हटलं ना!" उगाच ओरडलो तिच्यावर.

४ मार्च
चार वाक्यं पाठ केली. कोठारात मोठ्याने म्हणूनही पाहिली. जमतंय!

५ मार्च
नाही बोललो. लायमनने ठराव मांडला — रुफिनोने गावाची माफी मागावी. सभाचालकाने विचारलं, कुणाचं काही म्हणणं? मी बुटांकडे बघत बसलो.

शेजारची खुर्ची सरकली. थेल्मा उभी राहिली. "ट्रक मी चालवत होते. पूल मी फोडला."

चार वर्षं झाली, तिला जेमतेम उजेड नि अंधार तेवढा कळतो. हे ठाऊक नाही असं गावात एकही माणूस नाही. सगळी तोंडं माझ्याकडे वळली.