एकतीस तास

सावेडी, नगर
३ जुलै २०२५

ती. सुचित्राआत्यास,
भार्गवीचा सा. न. वि. वि.

फोनवर माझा तोल गेला असता, म्हणून पत्र लिहिते आहे. आमच्या समुपदेशनाच्या प्रशिक्षणात दोनशे तासांचा सराव नोंदवहीत दाखवावा लागतो. वर्गातल्या अनीशने दोनशे चाळीस दाखवले. पठ्ठ्या स्कूटरवर कानात व्याख्यानं लावून फिरतो आणि तेही सरावात धरतो! त्याचं कौतुक झालं, मला मात्र सगळ्यांसमोर आळशी ठरवलं.

माझी खोड तुला ठाऊक आहे. समोरचं माणूस रडू लागलं की मला धीर देण्याची घाई होते आणि त्याचं बोलणं तिथेच तुटतं. म्हणून मैत्रिणीला, मनवाला, रडणारी बाई व्हायला लावून मी तेवढीच दोन मिनिटं पुन्हा पुन्हा केली, मोबाईलवर रेकॉर्ड करून चुका पाहिल्या. भरले एकतीस तास. त्यात मी किती सुधारले हे बघायला कोणी एक रेकॉर्डिंगही उघडलं नाही. आमच्या प्रशिक्षक अश्विनी मॅडम म्हणाल्या की उरलेले आकडे भरून टाक, सगळेच भरतात. पंधरा तारखेपर्यंत पुरी वही दिली नाही तर प्रमाणपत्र नाही, म्हणजे दवाखान्यातली ठरलेली नोकरीही गेली. आत्या, भरू का खोटे आकडे?

चिडक्या भाचीवरचा लोभ आटू देऊ नकोस.
भार्गवी

काष्टी
८ जुलै

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत शिकवत असताना मीही पोरांना एकेक ओळ शंभर वेळा लिहायला लावत असे. शेवटच्या ओळीचं अक्षर पहिलीपेक्षा वाईट यायचं, तरी शंभर मोजून मी बरोबरची खूण करायची. तेव्हा मॅडमवर चिडताना स्वतःवरही चिडले आहे.

आता नीट ऐक. आमचे हे, तुझे काका, गेल्याला तीन वर्षं झाली. माझे डोळे भरले की तू पाण्याचा पेला पुढे करायचीस आणि भजनी मंडळात जा म्हणायचीस. मला राग यायचा, बोलले नाही. गेल्या महिन्यात रविवारी आलीस तेव्हा मी रडले नि तू नुसती बसून राहिलीस. म्हणून तर बोलून गेले, की शेवटच्या दिवशी काकांचा फोन वाजत होता आणि पेपर तपासायचे म्हणून मी उचलला नाही. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारची छबूबाई म्हणाली की बाई, लई दिसांनी हसताय, पोरगी परत कवा येनार हाय.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, विचार तुझ्या मॅडमना! खोटा एक आकडा लिहिलास तर या घरात पाऊल टाकू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस, रागाचीही नको.
तुझी आत्या

सावेडी, नगर
१६ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

वहीत एकतीसच लिहून दिले. पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंगही सोबत दिलं. मॅडमनी दोन्ही न बघताच वही परत केली. प्रमाणपत्र अडलं, नोकरी अनीशला मिळाली. मनवाच्या सहीसकट मी संस्थेकडे लेखी तक्रार दिली आहे. राग उतरलेला नाही आणि मी तो उतरू देणार नाही.

एक कबूल करते. त्या रविवारी मी गप्प बसले ते सराव म्हणूनच. तीनदा ओठावर आलेला शब्द गिळला. पण तू फोनचं सांगितलंस आणि मी सराव-बिराव सगळं विसरले. म्हणून तो तास वहीत धरलेला नाही. कितीही कमी पडले तरी धरणार नाही.

येत्या रविवारी वही घरी ठेवून येते. माया असू दे.
तुझी भार्गवी