हिरव्या पानांचा डोहाळा

भवानी पेठ, सोलापूर
ता. ५ एप्रिल १९३४

चि. मानसिंग यास बजाअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र परवा पोचले. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. त्यातलं अर्धंच खरं आहे. यशोदाच्या पोटात अन्न म्हणून ठरत नाही. फोडणीचा वास आला की पदर तोंडाला. तुझे दाजी गिरणीतून येतात, तर त्यांच्या सदऱ्याचा तेलकट वास नको. मी म्हटलं, बाई, मी तरी चालते का या घरात, की माझंही अंथरूण ओसरीवर टाकू? तेव्हा हसली. हसली की फार गोड दिसते तुझी बायको, पण गालाची हाडं वर आली आहेत.

चौथा महिना सरत आला. मागच्या दोन्ही खेपांना पाचव्यातच घात झाला, हे तुला मी सांगायला नको. सुईण दानम्मा म्हणते, दोन घास पोटात जाऊ देत, बाकीचं मी बघते. यशोदाला आई नाही, केमला माहेरी आबांशिवाय कुणी नाही, म्हणून मुंबईला बदलीवर जाताना तू तिला माझ्या हवाली केलीस. आता तिला काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू?

डोहाळा ऐक. चिंच नाही, कैरी नाही. हिला ताज्या हिरव्या पानांचा वास पाहिजे. कसल्या पानांचा म्हणून विचारावं तर मान खाली. तो वास आला तर मी जेवेन वन्सं, एवढंच म्हणते. लिंबाचा पाला आणला, कोथिंबिरीची जुडी उशाशी ठेवली, तळ्याकाठचं गवतसुद्धा आणवलं. सगळं हुंगते आणि हळूच बाजूला सारते. तुमच्या मुंबईत म्हणे वाघिणीचं दूधही मिळतं. तर अत्तरवाल्याकडे जा आणि हिरव्या पानांच्या वासाचं अत्तर धाड. डोहाळा पुरवला नाही तर पोराचा कान फुटतो म्हणतात. तसं झालं तर मी तुझा कान पिळीन.

अक्कावर माया आहे तशीच असू दे.

तुझी,
बजाअक्का


परळ, मुंबई
ता. १३ एप्रिल १९३४

ती. अक्काचे चरणी मानसिंगचा सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा शिरसावंद्य. रविवारी चार अत्तरवाल्यांची दुकानं पालथी घातली. शेवटचा एक म्हातारा होता, दाढीला मेंदी लावलेला. त्याला म्हटलं, हिरव्या पानांचं अत्तर द्या. त्यानं विचारलं, कुठल्या पानांचं? मी म्हटलं, हिरव्या. स्टेशनात आमच्या खिडकीशी एखादा उतारू येऊन 'गावाकडचं तिकीट द्या' म्हणतो, तेव्हा मी त्याच्याकडे जसा बघतो तसाच तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मला बसवून घेतलं आणि समजावलं, की फुलाचा वास भट्टीवर चढवला तरी टिकतो, पण पानाचा हिरवेपणा झाडावर असतो तोवरच. आचेवर धरला की त्याची भाजी होते. तरीही तीन कुप्या दिल्या. मरवा, दवणा आणि शालींच्या घडीत ठेवतात ती पाच, तिन्ही पानांचीच. पार्सलानं धाडतो आहे.

अक्का, चेष्टा राहू दे. मला भीती वाटते. मागच्या खेपेला तुझी तार आली तेव्हापासून कचेरीत तारवाला दिसला की हातातलं काम टाकून तो कुणाच्या टेबलाशी थांबतो ते बघत राहतो. तिला विचार ना, कसली पानं. मी नवरा असून मला तिनं सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं, पण तुला सांगितलं तरी चालेल. ती जेवली पाहिजे, बस.

दाजींना नमस्कार. धाकट्यावर कृपा असावी.

तुझा,
मानसिंग


भवानी पेठ, सोलापूर
ता. २३ एप्रिल १९३४

चि. मानसिंग यास अक्काचे आशीर्वाद, वि. वि.

कुप्या पोचल्या, एकही फुटली नाही. मरव्याचा फाया दिला तर यशोदा म्हणाली, देवळात बसल्यासारखं वाटतंय. दवण्यानं तिला चैत्रातली जत्रा आठवली, भूक काही आठवली नाही. पाचेची कुपी उघडली तर तुझे दाजी आतून ओरडले, शालींची ट्रंक कुणी उघडली? आता तिन्ही अत्तरांचे मालक तेच. रोज लावून गिरणीत जातात आणि लोक त्यांना विचारतात, वऱ्हाड कुठलं?

पण तिसरी कुपी बाजूला ठेवली आणि पोरगी रडायला लागली. तिला जवळ घेतलं, खोदून खोदून विचारलं. कुणाला सांगणार नाही अशी तिनं माझ्याकडून शपथ घेतली आणि मग बोलली. ती शपथ मी मोडते आहे. पाप माझ्या माथी.

तिला पानमळ्याचा वास हवा आहे, तिच्या आबांच्या पानमळ्याचा. दाजींच्या तबकात विड्याची पानं रोज असतात, पण ती म्हणते, त्यांना ओल्या फडक्याचा वास येतो. वेलावरच्या पानाचा वास निराळा. मग आधी का नाही बोललीस, म्हटलं, तर गाठ तिथेच आहे. बाईमाणसानं पानमळ्यात पाऊल टाकू नये, वेल जळतात, ही त्यांच्याकडची रीत. ही नऊ वर्षांची असताना आबा दुपारी जेवायला गेले होते, तेव्हा कवाड ढकलून आत गेली. एकटीच वेलांच्या गारव्यात बसून राहिली. तो वास तिच्या नाकातून अजून गेलेला नाही. आणि त्याच साली सगळा मळा वाळला. आबांना तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. आता म्हणते, वन्सं, मी मळा मारला, म्हणून माझी दोन्ही लेकरं गेली. आणि या खेपेला मला तोच वास हवासा वाटतो, म्हणजे हेही जाणार. असं म्हणून ताट सरकवलं.

हसू नकोस. मी हसले नाही. तिला नाना परीनं समजावलं, पण मळा माझा नाही, माझं बोलणं तिला कसं पटेल? त्याच दिवशी केमला हिंदुराव आबांना सगळं लिहून टाकलं. एकदा शपथ मोडलीच आहे, तर आणखी एकदा.

देवाला हात जोड, आणि बहिणीचा राग धरू नकोस.

तुझी,
बजाअक्का


मु. केम, ता. करमाळा
ता. २९ एप्रिल १९३४

चि. सौ. यशोदा हिस आबाचा आशीर्वाद.

पत्र कमलाकर मास्तरांच्या हातचं हाय, पन बोल माझं हायती. मास्तर सुधारून लिवाय लागलं, तवा म्या म्हनलं, न्हाय, मी बोलतो तसंच लिवा, पोरीला बापाचा आवाज ऐकू आला पायजे.

तुज्या वन्संचं पत्र मास्तरांनी वाचून दावलं. आगं, तेरा वर्सं ह्ये वझं डोक्यावर घिऊन फिरलीस आन बापाला येका शब्दानं बोलली न्हाईस? त्या साली हिरीला पानीच न्हवतं. शिवारात येक मळा राह्यला न्हाय. शेजारच्या मायाप्पाचा बी गेला, आन त्याला तर लेकच न्हाय. मग त्येचा कुनी मारला?

आता मी सांगतो ते ऐक. ह्ये आजवर कुनाला सांगितल्यालं न्हाय, मास्तरच पयले. तू आयच्या पोटात व्हतीस तवा माजा पाय मोडला. तीन म्हैने बाजंवर पडून. गडी तापानं आडवा. खुडनी ऱ्हायली आसती तर मळा हातचा गेला आसता. तवा तुजी आय माजं धोतर नेसून, पटका बांधून मळ्यात जायाची. सातव्या म्हैन्यापतोर गेली. पानी दिलं, पानं खुडली. लोकांस्नी वाटायचं, माजा भाऊ आलाय गावास्नं. त्या सालासारखं वेल मी पुन्यांदा बगितलं न्हाईत. आन तू झालीस ती चांगली ठणठणीत.

तुजी आय गेली तरी म्या ह्ये झाकून ठिवलं. बाईनं खुडलेली पानं म्हनून बाजारात कुनी शिवलं नसतं, म्हनून भ्यालो. मी तवाच बोललो आसतो तर तू आसं जिवाला खाल्लं नसतंस. चूक माजी हाय, पोरी, तुजी न्हाय.

दानम्माबाईस इचारून तू ये. संगं वन्संस्नी आन. मळ्याचं कवाड उगडं ठिवतो.

तुजा,
आबा


मु. केम
ता. २० मे १९३४

स्वामींचे सेवेशी यशोदाचा सा. न. वि. वि.

मी आपल्याला पहिल्यांदाच पत्र लिहीत आहे, तरी अक्षराला हसू नये. वन्सं शेजारी बसून निवडणं करताहेत आणि अजून लिही, अजून लिही म्हणून खुणा करताहेत. दाजींचे सोलापुरात जेवणाचे हाल आहेत, पण वन्संना त्याचं काही नाही.

पाचवा सरला. वन्सं म्हणतात, ही बातमी सगळ्यांत आधी लिही. पोटात फिरलेलं कळतं. आपण आता तारवाल्याला भिऊ नये.

आलो त्याच दिवशी आबा मला मळ्याकडे घेऊन गेले. आपल्याला सांगावं की नाही कळत नव्हतं, पण मी आत जायला भीत होते. वहाणा काढल्या आणि कवाडाशीच उभी राहिले. आबा अंगावर खेकसले नाहीत, की त्यांनी ओढलंही नाही. तेवढ्यात शेजारचे मायाप्पाकाका आणि आणखी चार जण बांधावर आले. हे काय हिंदुराव, बाईमाणूस मळ्यात, वेलांचं वाटोळं करता काय, असं म्हणू लागले. तेव्हा आबांनी आईची सगळी गोष्ट त्यांच्यापुढे सांगितली. धोतराची, पटक्याची, खुडणीची. मग मी आत गेले.

आत तस्संच आहे. वेलांखाली गार आहे, आणि तो वास. मी खाली मातीवर बसले आणि खूप रडले. आईचं तोंड मला नीट आठवत नाही, पण ती तिथे होती एवढं कळलं. वन्संही मागोमाग आल्या, चार वेळा लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, एवढ्यासाठी माझ्या भावानं आख्खी मुंबई पालथी घातली. मग मला भूक लागली. तिथेच बसून दोन भाकरी खाल्ल्या. आता रोज खाते. आपण काळजीनं रोडावू नये, आणि या गरीब दासीला मनातून उतरवू नये.

एक मात्र सांगायचं राहिलं. बांधावरचं बोलणं गावभर झालं. गेले दोन्ही बाजार आमची पानं कुणी हातात घेतली नाहीत, टोपल्या तशाच परत आल्या. काल मी आबांपुढे डोळे पुसत म्हटलं, माझ्यापायी झालं हे. आबा वेलांना पाणी देत होते. मान वर न करता म्हणाले, "न घिऊंदेत. माजी पोरगी जेवली."

आपली,
यशोदा