टिंकर्स लेनचा कागद

रविवार, ७ नोव्हेंबर २००४

प्रिय ग्विलिम,

हे पत्र तू न उघडताच शेगडीत टाकशील असं बेरिल म्हणते. मी म्हटलं, "छे, आधी तो पाकीट उजेडाकडे धरून बघेल." यावर ती म्हणाली, "हेडली, ते तू करतोस. तो नाही." बायको ना ती, खरं तेच बोलणार. दूधवाल्याने बाटली दाराच्या डावीकडे ठेवली तरी त्याचा काय डाव असेल म्हणून मी तासभर डोकं खाजवतो, हे तुला माहीत आहे.

फेब्रुवारीपासून आपण बोललेलो नाही. पबमध्ये सगळ्यांसमोर मी तुला फितूर म्हणालो, आणि तू पेला अर्धा टाकून कोट घालून निघून गेलास. मला वाटलं, खरा असता तर भांडला असता. मला त्या वेळी काय काय दिसत होतं ते आज सगळं लिहितो, म्हणजे मी किती खोलात गेलो होतो ते तुला कळेल.

म्हाताऱ्या अँब्रोजचं शेत कार्स्टेअर्सने घेतलं, त्यातून जाणाऱ्या टिंकर्स लेनच्या फाटकाला कुलूप घातलं, आणि ती वाट सगळ्यांची म्हणून नोंदवावी असा आपण एकतीस जणांच्या जबान्या जोडून जिल्ह्याकडे अर्ज केला. जानेवारीत त्याच्या वकिलाने कळवलं की त्या कच्च्या वाटेने गाड्या नेणाऱ्यांनी अँब्रोजची परवानगी घेतल्याचा कागद त्यांच्याकडे आहे. मी उडालोच. वीस वर्षं लोकांनी उघडपणे, दांडगाई न करता आणि कुणाला न विचारता गाड्या नेल्या, तर ती वाट सगळ्यांची. एकदा विचारलं की ती मालकाची मेहेरबानी झाली, हक्क उरला नाही. हे मला शिकवलं कुणी? तूच. "अँब्रोज दिसला तर टोपीला हात लावायचा, आभार मानायचे नाहीत," असं तू प्रत्येक नव्या माणसाला दम देऊन सांगायचास. तेव्हा असला कागद कुणाकडून गेला असेल, याचा विचार करत मी रात्ररात्र जागलो.

मग एका सकाळी कार्स्टेअर्सच्या अंगणाबाहेरच्या चिखलात तुझ्या गाडीच्या खुणा दिसल्या. तुझ्या मागच्या डाव्या टायरचा एक दात तुटलेला आहे, मी तो कुठेही ओळखीन. चार दिवसांनी पुन्हा त्याच खुणा. तिसऱ्यांदा मी भर पावसात कुंपणामागे दुर्बीण घेऊन बसलो, पक्षी बघतोय असं दाखवत. तू आत त्याच्या टेबलाशी बसला होतास आणि केक खात होतास. केक, ग्विलिम! बेरिलला सांगितलं तर म्हणाली, "तू पोलिसात जायला हवं होतंस, निदान भिजल्याचा भत्ता तरी मिळाला असता." मला हसू आलं नाही. मला वाटलं, ठरलं, हाच तो.

आणि खरं सांगू, राग वाटेचा नव्हता, तुझा होता. तीन हिवाळे तू जिल्ह्याच्या दप्तरखान्यात हातमोजे घालून बसलास आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर ती दोन तुटक रेषांची गाडीवाट शोधून काढलीस. बाकीच्या वाटांबाबत तर तू इतका कडक, की नकाशात हक्क सापडेपर्यंत चाक टेकवू द्यायचा नाहीस. बर्फ वितळताना जायचं नाही, वाट उकरली जाते. घोडा दिसला की इंजिन बंद. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं. तू चालवायचास, मी फाटकं उघडायला उतरायचो, आणि घरी येऊन फेरीची नोंद वहीत लिहायचो. तीस वर्षं आपला रविवार असाच गेला. असा माणूस फुटला, तर भरवसा कुणावर ठेवायचा?

परवा, शुक्रवारी, येत्या मंगळवारी सुरू होणाऱ्या सुनावणीच्या सगळ्या कागदांच्या प्रती टपालाने आल्या. बेरिलने जाडजूड पाकीट स्वयंपाकघरात उघडलं, तो कागद बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाली, "अरे, हे तर तुझं अक्षर." एप्रिल १९९१. मेंढ्यांना नुकती कोकरं झाली होती, अँब्रोजची बायको अंथरुणाला खिळलेली. मी चार ओळी लिहून त्याच्या दारात टाकल्या होत्या: रविवारी तीन गाड्या वर न्यायच्या आहेत, तुमची हरकत नसेल तर येतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात. खाली अँब्रोजने पेन्सिलीने लिहिलंय, "हो सांगितलं". आजारी बाईच्या दारातून न सांगता जाणं मला प्रशस्त वाटलं नव्हतं. पुढे मी ते साफ विसरलो. सहीचा कोपरा ओलीने कुजून गेलाय, त्यामुळे कागद कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नाही. सोबत कार्स्टेअर्सचं निवेदन आहे. त्यात तो म्हणतो की, हा कागद मी श्री. प्रॉबर्ट यांना तीनदा दाखवला, त्यांनी तिन्ही वेळा अक्षर ओळखीचं नसल्याचं सांगितलं. म्हणजे तू, तीस वर्षं माझी वही वाचणारा.

म्हणजे पबमध्ये मी तुला फितूर म्हणत होतो तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मला लाज वाटते, ग्विलिम. पण काल दिवसभर मी गप्प बसायचंच ठरवलं होतं, हेही लपवत नाही. निनावी चिठ्ठीला वजन ते किती? कुणी परका वाटसरू असेल, म्हणून अधिकारी बाजूला ठेवतील, आणि एकतीस जणांची वाट वाचेल. मग पबवाल्या डोरीनने सांगितलं की तू मंगळवारी येणार नाहीस, गुरुवारी फक्त साक्षीपुरता येशील. गुरुवारी कार्स्टेअर्सचा वकील तो कागद तुझ्या हातात देईल, आणि ज्या माणसाने आयुष्यात एक फाटक उघडं टाकलं नाही तो शपथ घेऊन माझ्यासाठी खोटं बोलेल. ते मी होऊ देणार नाही. मंगळवारी सकाळी दहाला पहिली साक्ष माझी आहे. ते अक्षर माझं, विचारलं मी, आणि ग्विलिम प्रॉबर्टने कुणालाही काही दिलेलं नाही, असं मी सांगणार. बहुतेक आपण हरू. तुला आधी कळलं असतं तर तू मला अडवायला आला असतास, असा मला दाट संशय आहे. म्हणून हे पत्र उद्या संध्याकाळी पेटीत टाकणार आहे. तुमच्याकडे टपाल अकराच्या आधी येत नाही. तू हे वाचशील तेव्हा माझं बोलून झालेलं असेल.

तुझाच,
हेडली