भाऊबिजेचे तीन चेक

लोणावळे,
ता. ८ डिसेंबर १९३७

ती. सौ. मुक्ताअक्का आणि ती. दाजी, दोघांच्या पायांवर धाकट्या भावाचं, रखमाचं डोकं.

आम्ही इकडे बरे आहोत. थंडी लय पडली आहे. सकाळी रेल्वेच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नाही. तुझ्या भावजयीने, कस्तुराने, तुझ्यासाठी पावट्याचं बी राखून ठेवलं आहे. तुमच्या इंदुरीला नदीकाठी गारठा जास्तच असणार, तेव्हा अक्का, भल्या पहाटे धुणं घेऊन घाटावर जाऊ नकोस. पण सांगून ऐकशील तर ती तू कसली!

पत्र दाजीच वाचून दाखवत असतील. दाजी, सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका.

मोठी बातमी म्हणजे मी बँकेशी भांडलो आणि जिंकलो. परवा पासबुक भरून आणलं तर खात्यातून दीड रुपया कापलेला. कसला, तर तीन चेक न वटता परत गेले, दर चेकाला आठ आणे आकार! माझं डोकंच फिरलं. तसाच तेलकट कपड्यांनी बँकेत शिरलो. म्हटलं, दीड रुपया काय झाडाला लागतो? मला न विचारता कापलात कसा? चार माणसं वळून बघायला लागली. मॅनेजर शांत माणूस. त्यांनी वही उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं. मुक्ताबाई कोंडाजी, मुक्काम इंदुरी.

अक्का, मी वही माझ्याकडे वळवून ते नाव पुन्हा वाचलं.

तुला दिलेले ते चेक. तीन वर्षांची ओवाळणी. पहिल्या साली माझं नवंनवं खातं होतं, तेव्हा मोठ्या ऐटीत पंधरा रुपयांचा चेक तुझ्या ताटात ठेवला होता. ताटात रुपया टाकणारे भाऊ गावात पुष्कळ, चेक टाकणारा मी एकटाच, एवढा माज. तू त्याला हळदकुंकवाचं बोट लावलंस आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलास. मी म्हटलं, अगं, हा बँकेत द्यायचा, पैसे मिळतात. तर तू म्हणालीस, "रखमाची सही हाय त्याच्यावर. ती मोडून खायची व्हय?" पुढच्या साली पन्नासाचा दिला, तोही देव्हाऱ्यात गेला.

तर मी मॅनेजरला म्हटलं, सहा महिन्यांवर जुना चेक चालतच नाही, मग त्याचा आकार कसला? तुमच्याच पासबुकाच्या मागे नियम छापलाय, वाचा. वाचला त्यांनी. दोन चेक जुने होते, त्यांचा एक रुपया मुकाट्याने परत जमा करून दिला. तेव्हा अक्का, ते दोन चेक परत गेले ते केवळ मुदत टळली म्हणून. दाजींनी हे तुझ्या जावांनाही सांगावं.

एवढं लिहून मी पत्र मिटणार होतो. कस्तुरा शेजारी पावटे सोलत बसली होती. म्हणाली, "तिसऱ्याचं लिवलं का?" तिने माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि सुपाखाली ठेवलं. आता लिहिल्याशिवाय ती ते देणार नाही.

तिसरा चेक यंदाच्या भाऊबिजेचा, दोनशे रुपयांचा. तो जुना नव्हता. अक्का, तो खोटा होता. माझ्या खात्यात उणेपुरे बासष्ट रुपये होते, आणि चेक लिहिताना मला ते ठाऊक होतं. तुझ्या थोरल्या जावेच्या भावाने तिला ओवाळणीत सोन्याची पुतळी घातली, ते ऐकलं आणि मला चेव आला. मनात म्हटलं, अक्का कुठे वटवते! देव्हाऱ्यातच ठेवणार. मग दोनशे काय आणि दोन हजार काय. तुझ्या मायेवर मी फुकटचा मोठेपणा केला. तू सगळ्यांना तो चेक दाखवत फिरलीस आणि मी ओसरीवर मिशीला पीळ देत बसलो होतो. लाज वाटते गं.

मग मॅनेजरनी पुढचं सांगितलं. दाजी तीनही चेक फेट्यात बांधून आले होते म्हणे. मालकिणीला दिसेनासं झालंय, पुण्याच्या डाक्तरांनी मोतीबिंदू काढायला साठ रुपये सांगितलेत, म्हणाले. चेक परत दिल्यावर त्यांनी ते पुन्हा खिडकीतून आत सरकवले. "परत बगा सायेब. आमचं पाव्हणं असलं काम करायचं न्हाई." दोनदा बघायला लावलं. मग चेक घडी करून फेट्यात ठेवले आणि स्टेशनाकडे गेले. माझं घर बँकेपासून हाकेच्या अंतरावर आहे, दाजी. तुम्ही आला नाहीत. का आला नाहीत ते मला कळलं.

साठ रुपये! मी खरा साठाचा चेक दिला असता तर त्याच दिवशी तुमच्या हातात पडले असते. माझ्या बढाईपायी अक्काचा एक महिना अंधारात गेला. आणि पोटच्या पोरासारखं मला वाढवणारी ती अक्का. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची, आणि तिला दिसत नाही हे मला बँकेच्या मॅनेजरने सांगावं! तू का कळवलं नाहीस असं विचारायचं तोंडही मला नाही.

सोबत चेक नाही. आज सकाळी खातं रिकामं केलं आणि साठ रुपयांची मनिऑर्डर इंदुरीला केली. पोस्टमन रोकड हातावर मोजून देईल, तेवढी घ्या. दाजी, माझा राग पैशांवर काढू नका, पैसे परत लावू नका, तुमच्या पाया पडतो. राग माझ्यासाठी राखून ठेवा, तो घ्यायला मी येतोच आहे. शेडमध्ये चार दिवसांची रजा टाकली आहे. ऑपरेशनचा दिवस तेवढा कळवा. कस्तुरा अक्काजवळ राहील, पट्टी सुटेपर्यंत तिचं सगळं करील.

मी इस्पितळाच्या ओट्यावर बसेन. अक्का, पट्टी सुटल्यावर तुला वाटलं तर हाक मार. नाही मारलीस तरी मी तिथेच बसून असेन.

तुला फसवलेला, तुझाच,
रखमा