मनात धरलेली मुदत

शुक्रवार, मगरिबच्या नमाजानंतर

आज जुम्म्याची नमाज झाल्यावर मौलानांना विचारलं. विचारलं म्हणजे, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. परदेशात नोकरीला असताना एकाने निकाह केला, पण परतताना तिला सोडायचं हे मनात आधीच ठरलेलं होतं. तो निकाह धरायचा का?

मौलाना म्हणाले, मुदत बोलून ठरवली तर तो निकाहच नाही. मनात लपवली तर निकाह होतो, पण ती त्या बाईची फसवणूक. मग हळूच म्हणाले, "तुमी कुवेतचो जावई बघतास ना? त्येच्याबद्दल कायतरी कानार इला काय? मगे लेक देऊ नकात."

मी गप्प राहिलो. का गप्प राहिलो?

त्या मुलाबद्दल कुणी काहीच बोललेलं नाही. मी विचारत होतो ते माझंच. तिकडे नोकरीला असताना सलमा दर शुक्रवारी माझा कुर्ता इस्त्री करून ठेवायची. चार वर्षं. परतून कुडाळला उतरलो आणि तिला तलाक सांगायला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, बॅगेतले कुर्ते चुरगळले नाहीत ना?

घरी येऊन बायकोला सांगितलं, हे स्थळ नको. लेक आतून बाहेर आली. "बाबा, त्येचा काय चुकला?"

"मौलानांका इचारलंय मी."

यात खोटं काय आहे?

तिने दोरीवरचा माझा कुर्ता काढून आणला आणि इस्त्री करायला बसली. मी उठून बाहेर आलो.