पान सत्तेचाळीसवरची दुरुस्ती

१२ फेब्रुवारी, सकाळ

चि. चौकशीबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकाची कच्ची पानं पोचली. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचंही वय झालं म्हणून मी सोडून देतो. मामी तुझ्यावर रागावली आहे, कारण तुझ्या पानांपायी मी सलग तीन दिवस दूध आणायला विसरलो.

आधी कौतुक. आमच्या संगीत नाटक कंपनीवर कुणी पुस्तक लिहील असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. पण तू लहानपणापासून प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जाणारी. रंगवलेले पडदे, माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचायचा, वन्स मोअर आला की मेलेला राजा उठून पुन्हा गाऊन पुन्हा कसा मरायचा, सगळं खोदून काढलंस. किरकोळ दुरुस्त्या अशा. पान बारा: पडदे ओढणारे दोघे नव्हते, चौघे होते. दोघांना तो जंगलाचा पडदा जागचा हलला नसता. पान एकतीस: मालकांना 'शिस्तप्रिय' म्हटलं आहेस, तिथे 'तापट' कर. माणूस गेला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही.

आणि पान सत्तेचाळीस.

हे पान वगळून मी पत्र दोनदा पुरं केलं आणि दोन्हीदा फाडलं. मागच्या तीन पत्रांत तू विचारलंस, "मामा, आईचा आवाज नेमका कशाने गेला?" तिन्ही वेळा मी तुला पडद्यांच्या रंगांबद्दल लांबलचक लिहून पाठवलं. शेवटी तू आईलाच विचारलंस आणि ती म्हणाली ते लिहिलंस: 'त्या प्रयोगात ऑर्गनवर गायिकेचे धाकटे बंधू होते. त्यांनी पट्टी उतरवून तिला सांभाळून घेण्याची शिकस्त केली, पण तिच्या आवाजाने साथ दिली नाही.'

हे खोटं आहे. ते खोटं आहे हे ताईला ठाऊक नाही.

त्या दिवशी दुपारी तालमीत मी एका जागी जरा रेंगाळलो. ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "तुला इथे ठेवलंय ते माझा भाऊ म्हणून. बोटं चालव." सगळे हसले, मीही हसलो. तिची जीभ फटकळ, हे तुला मी काय सांगणार. तासाभरात ती विसरूनही गेली असेल. तिच्या म्हणण्यात फारसं खोटं नव्हतं, म्हणून मला ते जास्त झोंबलं.

तिला सर्दी झाली होती, कानांत दडे बसले होते. मध्यंतरात माझ्याजवळ आली. "घसा धरलाय रे. शेवटचं गाणं दोन पट्ट्या खाली घे. तबलजीला सांगून ठेव." आमच्याकडे रीतच तशी होती. गाणाऱ्याने ऑर्गनवाल्याला सांगायचं, ऑर्गनवाल्याने तबलजीला, मग तो त्या सुराचा दुसरा तबला पुढे घ्यायचा. मी "हो ताई" म्हणालो आणि तबलजीला काहीच सांगितलं नाही.

तिची फजिती व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. दोन-चार ठिकाणी ओढाताण होईल, मग घरी गेल्यावर म्हणेल, "तुझ्यावाचून माझं चालत नाही बाबा." एवढंच ऐकायचं होतं. मी नेहमीच्याच पट्टीत सुरुवात केली. कानांतल्या दड्यांमुळे तिला फरक कळला नाही. भावाने उतरवली असणारच, म्हणून ती निर्धास्त गायला लागली. वरच्या सुरावर आवाज फाटला. तेव्हा तरी मला हात उचलता आले असते, ऑर्गन बिघडला म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी वाजवत राहिलो. पुन्हा तिथेच फाटला. मग मागच्या रांगेतून कुणीतरी खवचटपणे "वन्स मोअर" ओरडलं आणि सगळं थिएटर हसलं.

महिन्याभरात तिने कंपनी सोडली. तुला कधी अंगाईसुद्धा म्हटली नाही, हे तूच मला एकदा हसत सांगितलं होतंस. मी विषय बदलला होता.

ती मात्र इतकी वर्षं माझी बाजू घेत आली. कुणी विचारलं की म्हणते, "याने दोन पट्ट्या उतरवल्या होत्या, तरी मला पोचता आलं नाही. मग राहिलंच काय?" माझ्यादेखत म्हणते, आणि मी चहाचा कप पुढे ओढतो. लोकांचं हसणं ती पचवू शकली असती, तेवढी ती खमकी आहे. पण खालच्या पट्टीतही आपल्याला जमलं नाही, ही समजूत तिला पचली नाही. ती समजूत मी करून दिली आणि तशीच राहू दिली.

पहिल्या आठवड्यात भीती वाटली, नंतर लाज, नंतर वाटलं आता जुनं कशाला उकरायचं. तबलजी गेला, आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पंचाहत्तरीला आलेल्या बाईला सांगून काय मिळणार, गळा थोडाच परत येणार आहे, असंही स्वतःला समजावलं. काल मामीला सांगितलं. आज सकाळचा चहा माझा मीच केला.

ताईला हे मीच सांगणार. रविवारी सकाळच्या बसने येतो. तोवर तू काही बोलू नकोस. तिने मला घराबाहेर काढलं तर काढू दे, मध्ये पडू नकोस. मी गेल्यावर मात्र तिच्याजवळ बस.

पुस्तकातली ती वाक्यं खोड आणि असं लिही: 'गायिकेने सांगूनही ऑर्गनवादकाने पट्टी उतरवली नाही. दोन पट्ट्या खाली ती ते गाणं सर्दीतही सहज गायली असती.' यातला 'सहज' काढू नकोस. अकरा वर्षं मी तिच्या साथीला बसलो आहे, मला माहीत आहे.

तुझ्या आईचा अपराधी,
मामा